काचेचे माप



खिडकीला काच बसली म्हणजे पावसातही घरात उजेड राहतो. म्हातारीला सुईत दोरा ओवता येतो. पण काच म्हणजे लाकूड नव्हे. रंधा मारून ती कमी होत नाही, आणि लहान पडली तर जोडता येत नाही. पैसे पाण्यात! म्हणून माप नीट घ्यावं.

सुतळीने मोजू नका, सुतळी ताणते. टेप घ्या. चौकटीत काच जिथे बसते, त्या खाचेचे माप धरा. रुंदी वर, मध्ये आणि खाली, अशी तीनदा मोजा. उंचीही तशीच. जुनी चौकट कुठे ना कुठे वाकलेली असतेच. सर्वांत लहान माप खरे मानावे. त्यातूनही एक सूत, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, कमी करा. का? पावसाळ्यात लाकूड फुगते. काच घट्ट बसली असेल, तर आषाढात तडकते.

काच आणताना उभी धरा. हाताला जाड फडके गुंडाळा. तिची कड विळ्यासारखी कापते. बसवताना खाचेत आधी लांबी भरा. खडूची भुकटी जवसाच्या तेलात कणकेसारखी मळली, की लांबी होते. मग काच कडेकडेने दाबा, मधोमध नको.

काचवाल्याकडे गेलात म्हणजे आरसाही घ्यावासा वाटेल. तो मोठा आरसा दाखवील. पण पायापासून डोक्यापर्यंत दिसायला आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो! त्याची वरची कड डोळे आणि माथा यांच्या मधोमध येऊ द्या. ओल्या भिंतीवर मात्र टांगू नका, पाठीचा मुलामा उडतो.