अंगणातली शाळा, कुरणातली शाळा

(१७ मार्चच्या मेळाव्यात आम्ही बायांनी मिळून केलेलं बोलणं. ज्या वाड्यांची माणसं येऊ शकली नाहीत त्यांच्यासाठी इथं लिहून देत आहोत.)



जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरातल्या वाड्यांवरून आपण इथं आलो आहोत. जमिनीचं, हिरड्याचं, अभयारण्याचं बोलायला आपण नेहमी जमतो. आज पोरांचं बोलायचं आहे. १९९२ सालच्या सप्टेंबरात, २७ तारखेला, अनुताई वाघ वारल्या. आज त्यांचा जन्मदिवस. १९१० साली त्या मोरगावला जन्मल्या, म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या. तेराव्या वर्षी लग्न लावलं, सहा महिन्यांत नवरा गेला. आपल्यात पाट लागतो. त्या काळी पांढरपेशा घरातल्या पोरीला ती वाट नव्हती, तिनं कोपरा धरून बसायचं. ह्या बसल्या नाहीत. शिकून मास्तरीण झाल्या. आधी नाशिककडच्या खेड्यांत शिकवलं, मग पुण्यात हुजूरपागेत. दिवसा पोरींना शिकवायचं आणि रात्री स्वतः रात्रशाळेत जाऊन मॅट्रिकचा अभ्यास करायचा, असं त्यांचं चाललं होतं.

त्यांना ह्या कामात आणलं ताराबाई मोडकांनी. ताराबाई त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठ्या. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी लहान मुलांचं बालमंदिर चालवलं, १९२६ साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोर म्हणजे रिकामं मडकं नव्हे. छडी दाखवून त्याच्यात अक्षरं भरायची नसतात. त्याच्या हाताला काम द्या, हवं ते धरू द्या, मोजू द्या, मांडू द्या, म्हणजे ते आपणहून शिकतं. हा विचार इटलीच्या माँटेसोरीबाईंचा. पण त्यांच्या शाळेचं लाकडी सामान महाग, शहरातल्या पैसेवाल्यांनाच परवडणारं. खेड्यातल्या पोरांचं काय, हा प्रश्न ताराबाईंना टोचत होता.

१९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आल्या, अनुताई सोबत. बालवाडी उघडली, पण गरिबांच्या वस्तीतली पोरं येईनात. का येतील? कुणाच्या काखेला धाकटं भावंड, कुणी गुरांमागं, कुणाच्या अंगावर धड कापड नाही. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, ह्या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही. हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं आहे! ताराबाईंनी उलटं केलं. पोर येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात न्यायची. त्या वस्तीत जाऊन बसल्या. आधी पोरांना न्हाऊ-माखू घालायचं, नखं काढायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. सामान म्हणाल तर शिंपले, खडे, बिया, पानं. ही अंगणवाडी.

दहा-बारा वर्षांनी काम डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांमध्ये. तिथं गुरं राखणारी पोरं शाळेत येत नव्हती, म्हणून बाई कुरणात गेल्या. गुरं चरताहेत आणि शेजारी शाळा भरली आहे. तिला कुरणशाळा म्हणत. मोठ्या बहिणीच्या काखेतल्या लेकरासाठी शाळेला लागूनच पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ठेवली, म्हणजे तिघं भावंडं एकदम घरून निघणार आणि त्या पोरीची शाळा सुटणार नाही. आम्हांला विचाराल तर साऱ्या कामातली ही सगळ्यात मोठी गोष्ट. पोरीची शाळा का सुटते हे कुणीतरी नीट बघितलं होतं. अनुताईंची नजर पुढं अधू झाली, तरी १९६१ साली पन्नाशी उलटल्यावर त्यांनी बी.ए. केलं, आणि ताराबाई १९७३ साली गेल्यावर कोसबाड सांभाळलं.

आता एक गोष्ट आपल्या चळवळीतली. बोर्डीत बालवाडी निघाली त्याच १९४५ साली, त्याच मुलखात वारली माणूस वेठबिगारीविरुद्ध उठला. गोदूताई परुळेकर आणि लाल बावटा सोबत होते. वेठ मोडली ती त्या लढ्यानं, बालवाडीनं नव्हे, हे सरळ सांगायला हवं. पण वेठ मोडलेल्या बापाचं पोर गुरांमागंच राहिलं तर पुढं काय, त्याचं उत्तर ह्या दोन बाया शोधत होत्या. आम्हांला दोन्ही हवं आहे.

का हवं ते सांगतो. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या बाबानं जंगलजमीन कसली म्हणून वर्षानुवर्षं दंड भरला. पावत्या मिळाल्या. त्यातल्या काहींवर साल दुसरंच, एकीवर नावच भलत्याचं. आता कसणूक जुनी आहे हे दाखवायला त्याच पावत्या लागतात, आणि घरात त्या वाचणारं कुणी नव्हतं. बाबानं त्या हिरड्याच्या पोत्याखाली जपून ठेवल्या होत्या, देवासारख्या.

सरकारनं १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना काढली आणि केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. नाव बोर्डीचं. पण आपल्या कितीतरी वाड्यांवर ते केंद्र नाही, आणि आहे तिथं ते गावठाणात. ठाकरवाडीचं, कातकरी वस्तीचं चार वर्षांचं पोर ओढा ओलांडून तिथं कसं जाणार? पावसाळ्यात तर बोलूच नका. म्हणजे अंगणवाडी आहे, पण अंगण नाही.

आम्ही असं ठरवलं आहे. सरकारकडं वाडीवर अंगणवाडी मागायचीच. अर्ज तयार आहे, सह्या-अंगठे घेतो आहोत. पण तोवर थांबायचं नाही. पडकईला आपण एकमेकांच्या शेतावर जातो, कुणी मजुरी मागत नाही. तसंच प्रत्येक वाडीनं एक अंगण आणि एक शिकलेली पोरगी निवडावी, तिच्या घरचं एक दिवसाचं काम बाकीच्यांनी उचलावं. ती पोरांशी आपल्याच बोलीत बोलेल. पुस्तकातले शब्द मागून येतील.

पुढच्या बैठकीला येताना वाडीवरची पोरं मोजून आणा. लिहिणारं कुणी नसलं तरी चालेल. दोन पिशव्या घ्या. शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोरामागं एकीत एक खडा, न जाणाऱ्यामागं दुसरीत एक हिरडा. पोरींना विसरू नका, काखेतली लेकरंही धरा. इथं आल्यावर आपण सगळ्यांसमोर मोजू.