उष्णोदक आणि त्यांतील वायु



गोळीच्या सोडावॉटरची बाटली फोडली कीं पाणी फसफसून वर येतें. तें तापलेलें नसतें. त्यांत दाबाखालीं विरलेला कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, सुटूं लागतो, इतकेंच. आतां ही बाटली हजारों फूट खोल असून तिच्यांतील पाणी २०० अंश सेंटिग्रेड उष्ण आहे, अशी कल्पना करा. तुर्कस्तानांतील देनिझ्ली प्रांतांत किझिलदेरे येथें भूगर्भांत असेंच पाणी आहे. १९६८ सालीं तेथें विंधनविहिरींतून त्याचा शोध लागला आणि १९८४ सालीं त्याच्या वाफेवर वीजकेंद्र सुरू झालें.

२०० अंशांवरील शुद्ध पाण्यास उकळी फुटूं न देण्यास वातावरणाच्या सुमारें पंधरापट दाब पुरतो. परंतु वजनानें शेंकडा दीड भाग वायु त्यांत विरलेला असेल, तर त्याच्या तिपटीहून अधिक दाब लागतो. कारण वाफेच्या दाबांत वायूच्या दाबाची भर पडते. म्हणून विहिरींतून वर चढणाऱ्या अशा पाण्यास शेंकडों फूट अधिक खोलावरच उकळी फुटते. बुडबुड्यांनीं पाण्याचा स्तंभ हलका होतो आणि तें जोरानें वर उसळतें.

येथवर वायु साह्यकर्ता खरा. पण त्याच्याच बळावर पाण्यांत चुना विरून राहिलेला असतो. वायु सुटला कीं चुना वेगळा होऊन नळाच्या अंगावर दगडासारखा बसतो. किझिलदेरेच्या विहिरी यामुळें वारंवार खरवडून काढाव्या लागल्या. त्याच प्रांतांत पामुक्कले येथें हीच क्रिया उघड्यावर चालते आणि तिनें घडविलेल्या शुभ्र पायऱ्या पाहावयास दूरदूरचे प्रवासी येतात. उतारावर जी शोभा, तीच विहिरींत अडचण. तिजवर उपाय म्हणून, उकळी जेथें फुटते त्याच्याहि खालीं बारीक नळीनें चुना बसूं न देणारें द्रव्य सोडतात.

राहिला सुटलेला वायु. पश्चिम तुर्कस्तानांतील कांहीं केंद्रांतून, विशेषतः आरंभीच्या काळांत, दर युनिटामागें कोळशाच्या केंद्राच्या तोडीचा कर्बाम्ल वायु हवेंत गेला. किझिलदेरे येथें त्याचा कांहीं भाग धरून द्रवरूप वायु व कोरडा बर्फ करण्याचा कारखाना निघाला.

तात्पर्य, भूगर्भांतील उष्णता केवळ धूर दिसत नाहीं म्हणून निर्मळ ठरत नाहीं. पाण्याबरोबर काय वर येतें आणि तें पुढें कोठें जातें, हें पाहूनच तिचें मोल करावें.