बालकांचा ताप आणि हृदयाच्या रोहिण्या



लहान मुलाला ताप येणे ही कोणत्याही घरात नवलाची गोष्ट नव्हे. बहुतेक ताप तीन-चार दिवसांत ओसरतात. परंतु पाचव्या दिवशीही जो ताप उतरत नाही आणि प्रतिजैविकांना दाद देत नाही, त्याच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावे लागते. कावासाकी आजाराचा ताप हा त्यांपैकी एक होय. या आजारात रक्तवाहिन्यांना दाह होतो आणि हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांवर त्याचा विशेष रोख असतो. रुग्णांपैकी बहुसंख्य बालके पाच वर्षांच्या आतील असतात.

टोकियोतील रेड क्रॉस रुग्णालयाचे बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ साली चार वर्षांचा एक मुलगा तपासला. त्याची लक्षणे कोणत्याही ज्ञात आजारात बसत नव्हती. तशा ५० बालकांचा वृत्तांत त्यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. आजार आपोआप बरा होतो, असाच तेव्हा समज होता. पुढे ताप ओसरलेली काही मुले अकस्मात दगावली; शवविच्छेदनात हृदयाच्या रोहिण्यांत फुगवटे व रक्ताच्या गुठळ्या आढळल्या. ताप जातो, पण रोहिणीतील दाह मागे राहतो. हीच या आजाराची फसवी बाजू.

लक्षणे डोळ्यांनी दिसणारी आहेत. दोन्ही डोळे लाल होतात, पण चिपडे येत नाहीत. ओठ लालबुंद होऊन फुटतात, जीभ स्ट्रॉबेरीसारखी दिसते. अंगावर पुरळ उठते, तळहात-तळपाय सुजतात, मानेत बहुधा एकाच बाजूला गाठ येते. या पाचांपैकी चार लक्षणे आणि पाच दिवसांचा ताप, एवढ्यावर निदान होते. अडचण अशी की, ती एकाच वेळी हजर नसतात. सोमवारी उठलेले पुरळ गुरुवारी डॉक्टरांना दिसत नाही. म्हणून आईने ‘परवा अंगावर पुरळ होते’ असे आवर्जून सांगणे हीसुद्धा तपासणीच होय. दंडावरील बी.सी.जी.ची जुनी खूण अचानक लाल होणे हाही एक बोलका संकेत आहे. बोटांची साल निघते ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. तिची वाट पाहू नये. सहा महिन्यांच्या आतील बाळांत लक्षणे अपुरी आणि धोका मात्र अधिक असतो. अशा बाळाचा ताप सात दिवस टिकला व कारण सापडले नाही, तर रक्ततपासणी आणि हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी.

ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन दिले, तर रोहिणी फुगण्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून ४-५ टक्क्यांवर येते. मात्रा वजनाच्या दर किलोमागे २ ग्रॅम. मानवी रक्तद्रवापासून बनणारे हे औषध महाग आहे. वैद्यकीय साहाय्य करणाऱ्या संस्थांनी येथे एक ध्यानात घ्यावे: पुढील मासिक सभेपर्यंत थांबलेला अर्ज या बालकाच्या उपयोगाचा नसतो. अशा अर्जावर त्याच दिवशी निर्णय देण्याचा अधिकार कोणा एका विश्वस्ताकडे असावा.

घरी परतल्यावरही हृदयाची सोनोग्राफी साधारण दोन आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. ॲस्पिरिन केवळ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सुरू अथवा बंद करावे. गोवर आणि कांजिण्यांची लस या औषधानंतर साधारण ११ महिने पुढे ढकलतात. तशी नोंद लसीकरणाच्या कार्डावर त्याच वेळी करून घ्यावी.