जाड पिनेचे काम

वळवाचे दिवस आले की वीज सारखी ये-जा करते, आणि ती परत येताना दाब एकदम उसळण्याचा धोका असतो. माझ्या कविता आता वहीपेक्षा संगणकातच जास्त असतात. म्हणून त्याच्या राखणदाराची, स्पाइक गार्डची, मी नीट ओळख करून घेतली.

नुसता एक्स्टेन्शन बोर्ड म्हणजे स्पाइक गार्ड नव्हे. घरातली वीज २३० व्होल्टची. दाब क्षणभर उसळला, तर स्पाइक गार्डमधला झिंक ऑक्साइडचा छोटा घटक जादा वीज न्यूट्रल आणि अर्थिंगच्या तारेकडे वळवतो. अर्थिंगच नसेल तर राखणदार अर्धा पांगळा. प्लगची जाड, लांब पिन याचसाठी असते. दोन पिनांचा अडॅप्टर लावून तिला बाद करू नका. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

स्पाइक गार्ड थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. त्याला दुसरा जोडू नका. इस्त्री, हीटर तर नकोच. तडाखे सोसून आतला घटक झिजतो. संरक्षणाचा दिवा असेल आणि तो विझला, तर वीज येत राहिली तरी राखण संपली असे समजून स्पाइक गार्ड बदला.

जवळच वीज कोसळली तर मात्र त्याचाही भरवसा नाही. आभाळ भरून येताच, गडगडाट सुरू होण्याआधी, संगणक बंद करून प्लग काढा. ब्रॉडबँडची तारही काढा. गडगडाट सुरू झाल्यावर तारांना हात लावू नका. लिहिलेल्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा. यंत्र पुन्हा विकत घेता येते, लिहिलेले पुन्हा तसेच सुचत नाही.