गोल किती, आणि कोणाचे?



मरोळ नाक्याला मेट्रोत बसले की आझाद नगर हे पाचवे स्थानक. तेथून जवळच असलेल्या शहाजी राजे क्रीडा संकुलात जून 2018 मध्ये भारत, केनिया, न्यूझीलंड आणि चिनी तैपेई या चार देशांची फुटबॉल स्पर्धा झाली, आणि भारताने ती जिंकली. त्या स्पर्धेतील गोलांचा हिशेब आज आम्हांला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

गोल म्हटले की लोक सरासरी विचारतात. 1954 च्या विश्वचषकात 26 सामन्यांत 140 गोल झाले, 1990 साली 52 सामन्यांत अवघे 115. या आकड्यांवरून खेळ मोकळा होता की आवळलेला, एवढे समजते. एखाद्या संघाची प्रकृती समजत नाही. ती समजण्यासाठी गोल कोणाकोणाच्या पायातून आले, हे पाहावे लागते.

आपल्या शेजारच्या त्या मैदानावर भारताने चार सामन्यांत 11 गोल केले. पैकी आठ एकट्या सुनील छेत्रीचे! चिनी तैपेईविरुद्ध तीन, केनियाविरुद्ध दोन, न्यूझीलंडशी हरलो त्या सामन्यातील आपला एकुलता एक गोल त्याचाच, आणि अंतिम सामन्यातील दोन्ही गोलही त्याचेच. इतकेच काय, पहिल्या सामन्याला प्रेक्षागार बरेचसे रिकामे राहिले, तेव्हा लोकांना हात जोडून बोलावण्याचे कामही त्यालाच करावे लागले. पुढच्या सामन्याला लोकांनी भर पावसात मैदान भरून टाकले, हे मुंबईकरांना शोभेसेच झाले.

आता त्याच वर्षीचा विश्वविजेता फ्रान्स पाहा. 14 गोल, ग्रिझमन व एम्बापे यांचे चार-चार, दोन प्रतिपक्षाने स्वतःवर करून घेतलेले, उरलेले चार चौघांचे, आणि त्यांपैकी तिघे तर बचावफळीतले. त्यांचा आघाडीचा मुख्य खेळाडू जिरू याचा गोल एकही नाही! 2006 साली इटलीचे 12 गोल दहा जणांत वाटले गेले होते. उलट 1958 मध्ये फ्रान्सच्या फोंतेनने एकट्याने 13 गोल केले. हा विक्रम अजून मोडलेला नाही, पण फ्रान्स तिसरा आला.

आमचा संघ म्हणजे एकखांबी तंबू होता. खांब भक्कम, याबद्दल वाद नाही. पण दुसरा खांब का रोवला गेला नाही? आमच्या मते याचे मोठे कारण आपल्याच लीगमध्ये आहे. 2014 साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगच्या पहिल्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांचे बक्षीस एकदाही भारतीयाला मिळाले नाही. गोलासमोरची मोक्याची जागा क्लब बहुधा परदेशी खेळाडूला देतात. आपली मुले कडेला धावतात नाहीतर मागे उभी राहतात. क्लबांना दोष तरी कसा द्यावा? त्यांना याच हंगामात जिंकावयाचे असते. पण वर्षभर जी जागा आपल्या मुलाला मिळत नाही, तीच त्याने देशासाठी ऐनवेळी सांभाळावी, ही अपेक्षा आम्हांला विचित्र वाटते.

जानेवारी 2024 मध्ये कतारच्या आशियाई चषकात छेत्री एकोणचाळीस वर्षांचा होता. भारत तीन सामने खेळला, तिन्ही हरला, आणि गोल शून्य. त्याच वर्षी जूनमध्ये तो आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला. मार्च 2025 मध्ये, चाळिसाव्या वर्षी, तो पुन्हा संघात आला. मालदीवविरुद्ध भारताने तीन गोल केले. त्यांतला एक त्याचा होता.