प्रथिनाशिवायची नळी

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर इथल्या विद्यापीठात 1978 साली थॉमस चेक नावाचे तिशीचे रसायनशास्त्रज्ञ रुजू झाले. कामासाठी त्यांनी निवडलेला जीव होता टेट्राहायमिना. गोड्या पाण्याच्या डबक्यात राहणारा, एकाच पेशीचा, अंगावरचे बारीक केस हलवत पोहणारा. निवडीचं कारण अगदी व्यवहारी होतं. प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमसाठी आरएनए तयार करणारा जनुक माणसाच्या पेशीत काहीशे प्रतींत असतो. या जिवाच्या मोठ्या केंद्रकात त्याच्या सुमारे 10,000 प्रती असतात. म्हणजे अभ्यासाला कच्चा माल हवा तेवढा.

या जनुकाच्या आत एक बिनकामाचा वाटावा असा तुकडा असतो. डीएनएवरून आरएनएची नक्कल निघते तेव्हा तो तुकडाही तिच्यात उतरतो. मग तो कापून काढला जातो आणि दोन्ही टोकं सांधली जातात. हे कापणारा कोण, एवढंच चेक यांना शोधायचं होतं. तो एन्झाइम, म्हणजे पेशीतल्या क्रिया घडवणारा उत्प्रेरक असणार आणि एन्झाइम म्हणजे प्रथिन, याबद्दल तेव्हा कुणालाच शंका नव्हती. 1926 साली जेम्स समनर यांनी अबईच्या जातीच्या एका शेंगेच्या दाण्यांतून युरिएज या एन्झाइमचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिन असल्याचं दाखवलं. त्यांचं आधी कुणी ऐकून घेतलं नाही. नोबेल मिळायला 1946 साल उजाडलं. त्यानंतर मात्र हे समीकरण पाठ्यपुस्तकांत पक्कं बसलं.

चेक यांचे सहकारी आर्ट झॉग यांनी न कापलेला आरएनए घेतला. त्यात त्यांनी केंद्रकाचा अर्क घातला, कारण कापणारं प्रथिन तिथंच असणार. एका नळीत अर्क घातला नाही. ही कंट्रोलची नळी. तिच्यात काहीही घडू नये, हेच तिचं काम. किरणोत्सारी खूण असलेले आरएनए जेलमधून वेगळे करून क्ष-किरणांच्या फिल्मवर उमटवले, तर सुटलेल्या तुकड्याचा काळा पट्टा अर्काच्या नळीत होता आणि कंट्रोलमध्येही होता. चेक यांना वाटलं, नळ्या भरताना झॉग यांची काहीतरी गफलत झाली असणार. झॉग यांनी प्रयोग पुन्हा केला. पट्टा जागच्या जागी!

श्रोतेहो, खरी ऐकण्यासारखी गोष्ट इथून पुढची आहे. शोध लागला म्हणून या मंडळींनी लगेच डंका पिटला नाही. एखादं चिवट प्रथिन आरएनएला चिकटून राहिलं असेल, असं धरून ते त्या प्रथिनाच्याच मागे लागले. आरएनए उकळला, डिटर्जंटमध्ये घातला, प्रथिनं पचवणारे एन्झाइम त्याच्यावर सोडले. तुकडा सुटतच राहिला. त्याला लागत होतं थोडं मॅग्नेशियम आणि ग्वानोसिन हा छोटासा रेणू. हे ग्वानोसिन किरणोत्सारी करून घातलं, तेव्हा ते सुटलेल्या तुकड्याच्या टोकाला जोडलेलं सापडलं. म्हणजे कापण्याच्या क्रियेत ते स्वतःच उतरत होतं. शेवटी त्यांनी टेट्राहायमिनालाच रजा दिली. जनुकाचा तो भाग बॅक्टेरियात वाढवला आणि बॅक्टेरियाच्या शुद्ध केलेल्या एन्झाइमकडून नळीतच आरएनए बनवून घेतला. टेट्राहायमिनाचं एकही प्रथिन या आरएनएच्या वाऱ्याला उभं राहिलेलं नव्हतं, तरी त्यानं आपल्या पोटातला 413 दुव्यांचा तुकडा आपणच काढून टाकला. 1982 च्या नोव्हेंबरात हा निबंध छापून आला. अशा आरएनएला आज रायबोझाइम म्हणतात.

तरी तक्रारीला जागा होती. उत्प्रेरकानं दुसऱ्यावर काम करून स्वतः जसंच्या तसं राहायचं असतं, आणि हा आरएनए तर स्वतःलाच कापत होता. ती उणीव पुढच्याच वर्षी येल विद्यापीठातल्या सिडनी ऑल्टमन यांच्या कामानं भरून निघाली. बॅक्टेरियातल्या एका एन्झाइममधला आरएनएचा भाग एकटाच इतर रेणूंना कापतो आणि पुढच्या रेणूकडे वळतो, हे त्यांनी दाखवलं. 1989 चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

नोबेलनंतर माणसं समारंभांत आणि समित्यांत अडकतात. चेकही एका मोठ्या संशोधनसंस्थेचे अध्यक्ष झाले, पण बोल्डरची प्रयोगशाळा त्यांनी बंद केली नाही. तिथं ते टेलोमरेजकडे वळले. पेशी विभागली की गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात. ही झीज भरून काढणारा टेलोमरेज हा एन्झाइम एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरल ग्रायडर यांना 1984 साली सापडला, तोही टेट्राहायमिनातच. शरीरातल्या बहुतेक पेशींत तो बंद असतो. मूलपेशींत, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी घडतात त्यांत, चालू असतो, आणि बहुतेक कर्करोगांतही. टेलोमरेजच्या पोटात आरएनए आहे. रायबोझाइमच्या जनकाला इथंही आरएनएच कर्ता निघावा असं वाटलं असेल, तर त्यात नवल नाही. पण चेक यांच्या प्रयोगशाळेत योआकिम लिंगनर यांनी युप्लोटीस या दुसऱ्या एकपेशीय जिवातून जे प्रथिन वेगळं केलं, त्यानं निकाल दिला. उत्प्रेरक आहे ते प्रथिन. आरएनए फक्त नमुना पुरवतो. 1997 साली माणसातलं तेच प्रथिन ओळखलं गेलं. आपल्या आवडत्या रेणूला दुय्यम जागा देणारा हा पुरावा चेक यांच्याच घरातून बाहेर पडला, याचं कौतुक रायबोझाइमच्या शोधाइतकंच करायला हवं. आणि झॉग? 2016 साली जिवंत पेशीत टेलोमरेजचा एकेक रेणू टोकांपाशी कसा घुटमळतो, हे दाखवणाऱ्या निबंधावर त्यांचं नाव आहेच.

चेक यांची अलीकडची झुंज थेट मूलपेशींतली आहे. शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांच्या पद्धतीनं साध्या पेशींना त्यांच्या मूळ अवस्थेकडे मागे नेऊन बनवलेल्या मानवी मूलपेशींवर चेक, यिचेंग लाँग, जॉन रिन आणि सहकाऱ्यांनी काम केलं. नको असलेले जनुक मिटून ठेवणारा पीआरसी-2 नावाचा प्रथिनांचा संच पेशीत असतो. हृदयाची पेशी होताना कोणते जनुक गप्प राहायचे, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. 2020 साली या गटानं मांडलं, की हा संच डीएनएवर योग्य जागी बसायला आरएनए लागतो. आरएनए नष्ट केला की संच तिथून हलतो. आरएनए धरू न शकणारा संच मूलपेशींत घातला, तर त्यांच्यापासून हृदयस्नायूच्या पेशी नीट बनत नाहीत.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. आरएनए पचवणारा एन्झाइम घातल्यावर केंद्रकातली इतरही घडी विस्कटते, मग संच हलला तो नेमका कशामुळे, असं काही जण विचारतात. 2024 साली कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेनं सैल चिकटलेलं सगळं धुऊन टाकणारी जास्त कडक पद्धत वापरली आणि पेशीत पीआरसी-2 ला थेट चिकटलेला आरएनए दिसतच नाही, असा निष्कर्ष काढला. मूलपेशींपासून हृदयाचे स्नायू घडवू पाहणाऱ्यांना या वादाचा निकाल हवा आहे, कारण पेशीला कुठल्या वाटेनं न्यायचं ते याच मिटलेल्या जनुकांवर ठरतं.