घरच्या संगणकाची बिनतारी जोडणी

शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याचा अखेरचा दिवस असावा आणि नेमकी त्याच वेळी घरच्या संगणकाची इंटरनेट जोडणी तुटावी, ही अडचण पुष्कळ कुटुंबांच्या परिचयाची आहे. तिचे मूळ अनेकदा चुकीच्या बिनतारी ॲडॅप्टरमध्ये असते.

ॲडॅप्टर घेताना वेष्टनावरील वेगाच्या आकड्यापेक्षा घराची रचना व राउटर प्रथम पाहावा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींपलीकडे दूरवर पोहोचतात, पण त्यांचा वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान, मात्र जाड भिंतीपुढे त्या लवकर क्षीण होतात. म्हणून दोन्ही पट्ट्यांवर चालणारा ॲडॅप्टर घेणे इष्ट.

संगणकाच्या आत बसणारे, बाहेर अँटेना असलेले कार्ड सामान्यतः अधिक स्थिर चालते. यूएसबी ॲडॅप्टर लावण्यास सोपा; परंतु यूएसबी २.० वर त्याला सेकंदास ४८० मेगाबिटांची मर्यादा पडते. शिवाय संगणकाच्या मागे तो लावल्यास पत्र्याची पेटी लहरी अडविते. हातभर तार जोडून तो मेजावर आणला, तर पुष्कळदा नवी खरेदीही टळते.

आणि राउटरपासून संगणकापर्यंत तार नेणे शक्य असेल, तर तारेइतकी भरवशाची जोडणी दुसरी नाही.